नऊ रात्रींचा मुक्काम: उपचारांना पैकीच्या पैकी, शांततेला नापास

पाचपैकी तीन तारे देतोय आणि तिन्ही डॉक्टर-सिस्टरांचे आहेत. उरलेले दोन कुठे गेले ते सांगायलाच हा पसारा मांडलाय. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. या लोकांनी माझ्या आतड्याचा पीळ सोडवून मला घरी चालत पाठवलंय, त्यांची बदनामी करायची नाही. शिवाय हा आवाजाचा त्रास त्या एका इमारतीचा नाही, हे मला पडल्या पडल्या वाचून कळलं. झोप लागत नव्हती म्हणून वाचत होतो, आणि झोप का लागत नाही हेच वाचत होतो.

आधी माझ्या कानांबद्दल. अठ्ठावीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करतोय. गिऱ्हाईक टेबलावर मशीन ठेवतं, ‘अडकतंय हो’ एवढंच सांगतं, आणि मी चाक दोनदा हाताने फिरवून ऐकतो. शटलमध्ये दोरा गुंतला असेल तर आवाज वेगळा, दात्यांखाली कचरा बसला असेल तर वेगळा. सुई वाकली असेल तर फेऱ्यागणिक एक बारीक टक्. बायको म्हणते, तुम्ही लग्नाच्या वऱ्हाडातही पंख्याचं बेअरिंग ऐकत बसाल. खरंच आहे ते. तेव्हा हे परीक्षण जरा जास्त तिखट कानाच्या माणसाचं आहे, हे धरूनच वाचा.

पहिल्या दोन रात्री आयसीयूत. पहिल्या रात्रीचं मला स्वतःला जे आठवतं ते असं: मी माझ्या दुकानात आहे, दिवे गेलेत, आणि कोणीतरी मागच्या बाजूला बसून दोरा न ओवता मशीन चालवतंय. थांबतच नाही. मी ओरडून सांगतोय की अरे सुई कोरडी चाललीय, प्लेट खराब होईल, पण तोंडातून आवाज निघत नाही. बायकोने नंतर सांगितलं की आवाज चांगला निघत होता. मी सिस्टरकडे तेलाची कुपी मागत होतो. तीनदा. तिसऱ्या वेळी त्या माऊलीने ‘हो काका, सकाळी आणते’ म्हणून मला थोपटलं.

याला डिलिरियम म्हणतात. आयसीयूत हे नेहमीचंच आहे. भूल, औषधं, दुखणं, वय, झोपमोड असं सगळं मिळून होतं. एकट्या आवाजावर खापर फोडणार नाही. पण माझं ते दोरा नसलेलं मशीन म्हणजे शेजारच्या खाटेवरचा, नळीतून औषध सोडणारा पंप होता हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी, शुद्धीत, तोच ठेका ऐकून कळलं. टक-टक-टिंव, टक-टक-टिंव. अंगावर काटा आला. म्हणजे डोकं दुकानात गेलं होतं, पण कान इथेच होते आणि त्यांनी ठेका बरोबर धरला होता.

तिथला एक आवाज मात्र मला आवडला, तेही सांगतो. बोटाला जो चिमटा लावतात, त्याचा मॉनिटर प्रत्येक ठोक्याला एक बीप देतो. रक्तातला ऑक्सिजन उतरला की त्या बीपचा सूरही उतरतो. पडद्याकडे न बघता, पाठमोरं उभं राहून डॉक्टरला कळतं की पेशंट खाली चाललाय. ज्याने कोणी हे सुचवलं त्याला माझा नमस्कार. आवाज असा असावा, काहीतरी सांगणारा. बाकीचे आवाज नुसते बोंबलतात. चिमटा सरकला, बोंब. छातीवरची लीड सुटली, बोंब. पेशंट कुशीवर वळला, बोंब. पंपातलं औषध संपत आलं की बोंब, संपलं की मोठी बोंब, नळीला पीळ बसला की आणखी वेगळी बोंब. मशीनच्या दृष्टीने सगळं सारखंच महत्त्वाचं.

माझी भाची दुसऱ्या एका रुग्णालयात आयसीयूची सिस्टर आहे. ती भेटायला आली तेव्हा मी तिच्यापुढे हे गाऱ्हाणं घातलं. ती हसली नाही. म्हणाली, ‘मामा, तुम्ही दोन रात्री ऐकलंत. मला घरी भांडी घासतानाही पंप वाजल्यासारखा वाटतो. हात पुसून उठते, मग आठवतं की घरी आहे.’ नंतर तिने फोनवर एक-दोन दुवे पाठवले आणि माझा अभ्यास सुरू झाला.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात पाच आयसीयूंमधल्या ७७ खाटांचे सगळे अलार्म ३१ दिवस नोंदवून ठेवले होते. ते निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. महिन्याभरात २५ लाखांहून जास्त अलार्म. त्यातले पुष्कळसे नुसते पडद्यावर उमटणारे, मुके. पण बोलके तेवढेच मोजले तरी एका खाटेमागे दिवसाला १८७. मी तिथेच हिशोब केला: साडेसात-आठ मिनिटांना एक, चोवीस तास. आणि ही एका खाटेची गोष्ट, हॉलमध्ये खाटा दहा. हृदयाच्या लयीबद्दलचे जे अलार्म त्यांनी एकेक करून तपासले, त्यातले जवळजवळ ८९ टक्के खोटे निघाले. माझ्या दुकानात एखादं मशीन दहापैकी नऊ वेळा उगाच थांबलं असतं तर मी ते भंगारात घातलं असतं.

खोट्या ओरडण्याचं पुढे काय होतं, ते लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराच्या गोष्टीत आपण लहानपणीच ऐकलेलं आहे. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणारी जॉइंट कमिशन नावाची संस्था आहे. तिने एप्रिल २०१३ मध्ये याबद्दल इशारा काढला होता. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात अलार्मशी संबंधित ९८ घटना त्यांच्याकडे नोंदल्या गेल्या आणि त्यातल्या ८० मध्ये पेशंट दगावला. कुठे अलार्मचा आवाज बारीक केलेला, कुठे बंदच, कुठे वाजत होता पण कोणाच्या कानात शिरला नाही. भाचीला विचारलं, असं खरंच होतं का गं? ती म्हणाली, ‘ऐकू येतं मामा. पण आत पोचत नाही.’

तिसऱ्या दिवशी वॉर्डात हलवलं. सहा खाटांचा वॉर्ड. मला वाटलं, सुटलो. इथे मॉनिटर एकच, तोही कोपऱ्यातल्या आजोबांना. पण आयसीयूत मशीनं ओरडत होती, इथे सामान ओरडत होतं. आणि सामानाचं ओरडणं म्हणजे माझा विषय.

कचऱ्याचा डबा घ्या. पायाने दाबून उघडायचा, पत्र्याचा. पाय काढला की झाकण आपटतं. झाकणाच्या कडेला रबराची दोन बोंडं असायला हवीत, त्यांच्या जागी नुसती भोकं. सिस्टर हात धुऊन कागदी रुमाल टाकते, धाड. हातमोजा टाकते, धाड. आता सिस्टरने दर पेशंटनंतर हात धुवायलाच हवेत, ते चुकवून चालणार नाही. म्हणजे तिने आपलं काम जितकं चोख करावं तितक्या वेळा धाड. रात्री दोनच्या फेरीत सहा खाटांचे बारा-चौदा धाड मी मोजलेत. दोन रबरी बोंडांची किंमत ती काय!

वॉर्डाचं दार आपलं आपण बंद होतं, पण शेवटच्या वीतभर अंतरात त्याचा दम सुटतो आणि ते चौकटीवर बसतं. वरच्या क्लोजरचा स्क्रू पाव फेरा फिरवला की काम झालं असतं. स्टुलांच्या पायांना टोप्या नाहीत. आणि चादरींची ट्रॉली. तिची चाल मी डोळे मिटून सांगू शकतो: तीन चाकं गुपचूप, डावं पुढचं किंचाळतं. सतत नाही, फेऱ्यात एकदाच, म्हणजे चाकाला एका जागी दोरा किंवा केस गुंडाळलाय आणि आसात तेल नाही. पहाटे साडेचारला ती लांबून निघायची आणि आमच्यापर्यंत यायला तिला तीन मिनिटं लागायची. ती तीन मिनिटं सहा माणसं जागी होऊन तिची वाट बघत पडलेली.

फोनमध्ये आवाज मोजायचं फुकटचं ॲप घेतलं. फोनचा माइक म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, चार-पाच डेसिबल इकडेतिकडे होणारच, पण अंदाज येतो. मध्यरात्री, कोणी बोलत नसताना, पन्नासच्या आसपास. डब्याचं झाकण आपटलं की ऐंशीच्या पुढे उडी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये जी शिफारस केली ती अशी: वॉर्डात रात्रीची सरासरी ३० डेसिबल, आणि रात्रीचा एखादा सुटा आवाज चाळिसाच्या वर नको. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नसतं, ते मी मशीनच्या भाषेत सांगतो. एक मशीन चालू आहे, शेजारी तसंच दुसरं चालू केलं, तर तीन डेसिबल वाढतात. दहा डेसिबल वाढायला एकाची दहा मशीनं करावी लागतात. तेव्हा तीसच्या जागी पन्नास म्हणजे ‘थोडं जास्त’ नव्हे. एका मशीनच्या खोलीत शंभर मशीनं कोंबली आहेत.

आणि हे पूर्वी असं नव्हतं. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी जगभरातल्या रुग्णालयांची मोजमापं गोळा करून २००५ मध्ये मांडली. १९६० मध्ये दिवसाची पातळी सरासरी ५७ डेसिबल होती ती ७२ वर गेलेली. रात्रीची ४२ वरून ६० वर. म्हणजे माझ्या आईने तिच्या तरुणपणी जे रुग्णालय पाहिलं ते खरोखर शांत होतं. ती सांगायची तेव्हा मला वाटायचं, जुन्या माणसांना जुनं ते सोनंच वाटतं.

एक रात्र नीट सांगतो, पाचवी. साडेबाराला डोळा लागला असेल. दोन चाळीसला शेजारच्या खाटेवरचा पंप वाजू लागला. शेजारी माझ्याच वयाचे, शिक्षक, त्यांना शिरेतून काहीतरी थेंबाथेंबाने चालू होतं. हात दुमडून झोपले की नळी दाबली जायची आणि पंप ओरडायचा. त्यांना जाग आली, त्यांनी हात सरळ केला. पंप काही आपण होऊन गप्प बसत नाही, त्याचं बटण सिस्टरनेच दाबायचं. सिस्टर दुसऱ्या टोकाला कोपऱ्यातल्या आजोबांना साफ करत होती. मध्येच हात टाकून येणं शक्य नव्हतं. तिने तिथूनच आवाज दिला, ‘आले, आले!’ त्याने चौथ्या खाटेवरचे काका उठले. त्यांनी विचारलं, ‘कोण आलं?’ त्यांच्या मुलाने, जो खाली चटईवर होता, मोबाइलचा उजेड पाडला. पंप चालूच. शिक्षक बिचारे माझ्याकडे बघून म्हणाले, ‘सॉरी हां.’ स्वतःच्या आजारपणाबद्दल माफी मागणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. साडेचार मिनिटांनी सिस्टर आली, हातमोजे काढले, धाड, हात धुतले, रुमाल टाकला, धाड, पंपाचं बटण दाबलं. शांत. मग मी पुढच्या ओरडण्याची वाट बघत जागा राहिलो. हे सगळ्यात वाईट. आवाजापेक्षा त्याची वाट बघणं झोप जास्त खातं.

त्याच रात्री मी भाचीने पाठवलेलं वाचलं. २०१२ मध्ये अमेरिकेत बारा धडधाकट माणसांना झोपेच्या प्रयोगशाळेत निजवून रुग्णालयातले चौदा प्रकारचे आवाज हळूहळू वाढवत ऐकवले होते. फोनची घंटा, पंपाचा अलार्म असले विजेचे आवाज अगदी बारीक असतानाही झोप मोडत होते. तेवढ्याच आवाजाची रहदारी किंवा हेलिकॉप्टर तितकं नाही. झोप मोडली की हृदयाचे ठोकेही वाढत होते. बारा धडधाकट माणसं. आमच्या वॉर्डात धडधाकट फक्त चटईवरचा मुलगा होता.

आता नातेवाईक, म्हणजे आपण. भेटीची वेळ झाली की सहा खाटांभोवती वीस माणसं. सुरुवातीला सगळे दबक्या आवाजात. मग एक जण जरा मोठ्याने बोलतो, म्हणून शेजारच्या घोळक्याला एकमेकांचं ऐकू येत नाही, म्हणून ते आवाज चढवतात, म्हणून पहिला घोळका आणखी चढवतो. यात उद्धटपणा कोणाचाच नाही. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, स्वतःला पत्ताही लागत नाही. एत्येन लोम्बार नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १९११ मध्ये हे दाखवून दिलंय. पंधरा मिनिटांत आमच्या वॉर्डाची मंडई होई. माझा साडूच सगळ्यात मोठा. त्याला खूण केली तर तो आणखी मोठ्याने म्हणाला, ‘काय, पाणी हवंय?’

पण कुजबुजीचंही कौतुक नको. सकाळच्या राउंडला दोन ज्युनियर डॉक्टर पडद्यापलीकडे हलक्या आवाजात बोलायचे. त्यातला एकेक शब्द पकडायला मी श्वास रोखून पडायचो. फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ मध्येच बजावून ठेवलंय की पेशंटजवळ कुजबुजणं हा निर्दयपणा आहे, कारण तो कान ताणतो. बाई नुसत्या दिवा घेऊन फिरत नव्हत्या, त्यांना कान होते.

इमारतीबद्दल. फरशी गुळगुळीत, भिंतीला छातीइतक्या उंचीपर्यंत टाइल, छत प्लॅस्टरचं. पुसायला सोपं, जंतू राहत नाहीत, हे मान्य. पण आवाज तिथे रबरी चेंडूसारखा उडतो. यावर उपाय नाही असं मला वाटत होतं, पण आहे. स्वीडनमध्ये कॅरोलिन्स्काच्या संशोधकांनी हृदयरुग्णांच्या विभागाचं नुसतं छत बदलून पाहिलं. काही आठवडे आवाज परतवणारे तक्ते, काही आठवडे आवाज शोषणारे, दिसायला सारखेच. २००५ मध्ये निष्कर्ष आले. चांगल्या छताच्या काळात ज्यांच्यावर उपचार झाले त्यांना पुन्हा दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण कमी होतं, कर्मचाऱ्यांवरचा ताण कमी होता, आणि मला सगळ्यात गंमत वाटली ती ही की त्या पेशंटांनी कर्मचाऱ्यांच्या वागण्यालाही जास्त चांगलं म्हटलं. माणसं तीच, छत वेगळं. मीही वर तारे वाटताना याचा विचार केला. आमच्या रात्रपाळीच्या सिस्टरला मी दोनदा मनातल्या मनात तुसडी म्हटलंय. ती तुसडी नव्हती, तिला सहा तास ओरडून बोलावं लागत होतं.

तिचा घसा बसलेला होता. सातव्या रात्री मला झोप नव्हती म्हणून मी सलाइनच्या स्टँडला धरून तिच्या टेबलापर्यंत चालत गेलो. ती फोनवर कुठल्या तरी डॉक्टरांकडून औषधाचा डोस लिहून घेत होती. मागे कोपऱ्यातला मॉनिटर वाजतोय, बाहेर लिफ्टचं दार कोकलतंय. एक कान बोटाने बंद करून ती म्हणाली, ‘सर, फिफ्टीन का फिफ्टी?’ मग, ‘वन-फाइव्ह? वन, फाइव्ह. बरोबर.’ लिहिलं, पुन्हा वाचून दाखवलं, फोन ठेवला आणि सुस्कारा सोडला. मी म्हटलं, चुकून ऐकलं असतं तर? ती म्हणाली, ‘म्हणूनच सुटे आकडे म्हणतो, काका. ऐकू आलं असं समजायचं नाही.’ पंधराच्या जागी पन्नास. मशीनमध्ये टाका चुकला तर उसवता येतो.

ऑपरेशन थिएटरमध्ये काय असतं ते मला माहीत नाही, मी झोपलेला होतो. पण भाची सांगते की हाडांच्या ऑपरेशनला करवत आणि ड्रिल चालू असताना शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागतं. ते आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातात. एमआरआयचंही तसंच, पण तिथे निदान पेशंटच्या कानात काहीतरी घालतात.

यावरून इअरप्लगची गोष्ट. हे खरं तर वेगळं परीक्षण व्हायला हवं. बायकोने मऊ फोमचे आणून दिले. पहिल्या रात्री मी ते नुसते कानात खुपसले, अर्धे बाहेर. काडीचा फरक नाही, वर खाज. दुसऱ्या दिवशी भाचीने शिकवलं: दोन बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. असा घातला आणि वॉर्ड दहा हात लांब गेला. बारीक, टोचरे आवाज बरेच जातात. पंपाची टिंव-टिंव दुसऱ्या गल्लीतली वाटते. जाड आवाज राहतात. ट्रॉलीची घरघर खाटेतून पाठीत येते, तिला कान लागतच नाहीत. स्वतःचा श्वास आणि गिळणं मोठं ऐकू येतं, त्याची सवय व्हायला एक रात्र जाते. कुशीवर झोपलं तर उशीने दाबून दुखतो. आणि घालण्यापूर्वी सिस्टरला सांगायचं, म्हणजे ती हाक मारण्याऐवजी खांद्याला हात लावते. अँटवर्पच्या विद्यापीठ रुग्णालयात १३६ आयसीयू पेशंटांवर हा प्रयोग झालाय, २०१२ मध्ये छापून आलाय. रात्री प्लग घातलेल्यांना भ्रम कमी झाला आणि पहिल्या रात्रीनंतर झोपही बरी लागली असं त्यांनी सांगितलं. माझी तेलाच्या कुपीची रात्र कदाचित टळली असती. इअरप्लगला साडेचार तारे. अर्धा उशीमुळे कापला.

पूर्ण शांतता मात्र मलाही नकोय. आठव्या रात्री प्लग काढून पडलो होतो, अचानक दचकून जागा झालो. काय झालं ते कळेना. मग लक्षात आलं, आजोबांच्या ऑक्सिजनची सूं-सूं थांबलीय. उठून बघतो तर आजोबा खाटेवर बसून, मास्क काढून, चष्मा शोधत होते. चष्मा मी दिला, मास्क सिस्टरने लावला. सूं-सूं सुरू झाली आणि सगळा वॉर्ड झोपला.

डिस्चार्जच्या वेळी अभिप्रायाचा कागद दिला. स्वच्छता, वागणूक, जेवण, बिलाची खिडकी, पार्किंग. आवाजाचा रकाना नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयांत पेशंटला घरी गेल्यावर जी सरकारी प्रश्नावली येते त्यात ‘रात्री तुमच्या खोलीच्या आसपास किती वेळा शांतता होती’ असा सरळ प्रश्न असतो, आणि रुग्णालयांना सगळ्यात कमी गुण पडणाऱ्या प्रश्नांत तो गणला जातो. निदान विचारतात तरी. मी ‘इतर’ या ओळीवर लिहायला घेतलं, ओळ पुरली नाही, मागे लिहिलं. त्या मुलीने कागद उलटून पाहिला आणि म्हणाली, ‘काका, सिस्टर चांगल्या होत्या ना?’ म्हटलं, फार चांगल्या. तिने तेवढंच खुणेने भरून घेतलं.

चांगलंही सांगायला हवं. सहाव्या दिवशी इन्चार्ज सिस्टरशी बोललो. मला वाटलं, झटकून टाकतील. त्यांनी टेबलावरच्या फोनची घंटा माझ्यासमोर बारीक केली, दहानंतर मोठे दिवे घालवायला सांगितले आणि रात्री शिक्षकांचा पंप त्यांच्या दुमडत्या कोपराजवळून काढून दुसऱ्या हाताला जोडून घेतला. त्या रात्री पंप एकदाच वाजला. यातल्या कशालाच सामान लागलं नाही. क्लोजरचं, डब्याचं म्हणाल तर त्या म्हणाल्या, ‘मेंटेनन्सला कागद द्यावा लागतो. दिलाय. मागच्या वर्षी.’ इथेच दोन तारे गेले. पंप सिस्टरचा, दार मेंटेनन्सचं, डबा सफाईच्या ठेकेदाराचा, ट्रॉली धोबीखात्याची, नातेवाईक सिक्युरिटीचे. आवाज कोणाचाच नाही.

ट्रॉलीचं मी पाहिलं. शेवटच्या सकाळी बायकोकडून दुकानातली कुपी मागवली होती. मावशींना म्हटलं, दोन मिनिटं थांबा, ट्रॉली आडवी करायला त्या पोराला मदत करू द्या. चटईवरचा मुलगा तयारच होता. टाके ओढत होते म्हणून मी खुर्चीत बसून नुसतं सांगितलं: चाकाच्या आसाला गुंडाळलेला धागा काप, बाजूने ओढ, आता तेल, दोनच थेंब, चाक फिरव. चांगला हातभर धागा निघाला, चादरींचाच. मावशी म्हणाल्या, ‘अगंबाई, मी दोन वर्षं ढकलतेय ही.’

परवा टाके काढायला गेलो होतो. वॉर्डात डोकावलो. माझ्या खाटेवर एक तरुण मुलगा, उशीखाली डोकं घालून पडलेला. मावशी ट्रॉली घेऊन आल्या त्या मला दिसल्यावरच कळलं. त्यांनी हसून हात केला, हातातला कागद डब्यात टाकला आणि पाय काढला. धाड.